तोंडाचा साचा

"तो साचा कुठाय?" मेस्त्रींनी विचारलं.

मी भाकरी थापत होते. मान वर न करता म्हटलं, "कसला साचा?"

"कांचनच्या तोंडाचा. तुळशीच्या कट्ट्यावर उन्हाला ठेवलावता न्हवं मी."

"सोडला."

"सोडला म्हंजे?"

"पंचगंगेला सोडला. हळदकुंकू वाहिलं, दोन फुलं ठेवली, रीतीनं सोडला. अवस हाय आज, त्यात शनवार. मेल्या माणसागत डोळं मिटलेलं पांढरंफटक तोंड तुळशीम्होरं उताणं ठेवतंय व्हय कोण? भंगलेला देव आपण घरात ठेवत न्हाई, आन् हे तर जित्या सुनेचं तोंड!"

मेस्त्री उंबऱ्यावरच बसले. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती, उंबऱ्यावर बसू नये हे त्यांना मला कधी सांगावं लागलं नव्हतं. त्या दिवशी बसले, आणि मीही काही बोलले नाही.

"त्या साच्याबिगर तिचं तोंड मिटणार हाय," ते हळू म्हणाले. "कायमचं मिटणार हाय. कळतंय का तुला?"

तव्यावरची भाकरी करपली.

कांचन माझी सून. दिगंबर माझा एकुलता एक, तो फौजेत, तिकडं वर बर्फात. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात करंज्या तळताना कढई कलंडली आणि उकळतं तेल कांचनच्या तोंडावर आलं. डावा गाल, हनुवटी, ओठाचा कोपरा. सून भाजली म्हटल्यावर पोलीस दवाखान्यात येतोच. आला. मला बाहेर बाकड्यावर बसवलं. आत कांचननं पट्ट्यांतून बोलता येईल तेवढं बोलून जबाब दिला : कढई उतरवताना हात सटकला, कुणाविरुद्ध तक्रार नाही. तरी गल्लीतल्या बायकांनी माझ्याकडं बघायचं ते बघितलंच. मीही मान ताठ ठेवून नळावर जात राहिले. कुणाच्या बापाला भ्यायची माझी रीत नाही.

दीड महिन्यात जखमा भरल्या आणि खरं दुखणं तिथून सुरू झालं. भाजलेलं कातडं भरलं म्हणून गप्प बसत नाही. ते जाड होतं, लालभडक होतं, आणि पोत्याचं तोंड दोरीनं आवळावं तसं आवळत जातं. मिरजेच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई दर खेपेला कांचनला तोंड उघडायला सांगायची आणि आपली बोटं उभी धरून मोजायची. पहिल्यांदा तीन बोटं मावली. मग अडीच. मग दोन. घरी कांचन भाकरीचा तुकडा आडवा करून आत सरकवायची. पुढं तेही जमेना, तेव्हा पेज.

"पारदर्शक प्लास्टिकचा मुखवटा घालावा लागेल," डॉक्टरीणबाई म्हणाली. "तोंडाला घट्ट बसणारा. दिवसाचे तेवीस तास, वर्ष-सव्वा वर्ष. सतत दाब राहिला तर व्रण वर येत नाही, ओढत नाही. मुंबईहून करून येतो. तीन महिने लागतील."

"तंवर हिचं तोंड किती बोटं ऱ्हाईल?" मी विचारलं.

तिनं चिठ्ठीवर मुंबईचा पत्ता लिहायला घेतला.

तेव्हा मेस्त्रींनी पिशवीत हात घातला आणि आपली प्लास्टिकची एसटी काढून टेबलावर ठेवली. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

मेस्त्री म्हणजे आमचे मालक. उद्यमनगरात पॅटर्नच्या कामात त्यांचा जन्म गेला. लोखंडाचा कुठलाही भाग ओतायचा तर आधी तो लाकडात कोरावा लागतो, मग वाळूत त्याचा ठसा घेतात. ते लाकडाचं काम त्यांचं. रिटायर झाले आणि शेडात खेळ मांडून बसले. वीतभर एसटी लाकडात कोरायची. प्लास्टिकचं शीट फ्रेमीत अडकवून शेगडीच्या कॉइलवर मऊ करायचं, एसटीवर दाबायचं आणि खालून हवा ओढून घ्यायची. शीट एसटीला असं चिकटतं, की खिडकीची चौकटसुद्धा उठते. गार झालं, की एसटीचं टरफल हातात. आता हवा ओढायला काय? तर दिगंबरनं फौजेच्या कॅन्टीनमधून माझ्यासाठी आणलेलं झाडायचं मशीन! अख्ख्या गल्लीला बोलावून दाखवलं होतं मी ते. आणि या बाबानं त्याची सोंड एका खोक्याला डकवली, खोक्याच्या झाकणाला चाळणीसारखी भोकं पाडली. मी काय कमी बोलले? "साठी आली, आन् बाप्या मोटारी खेळतोय," असं पाहुण्यांसमोर बोलले. ते हसायचे आणि शेडात जायचे.

डॉक्टरीणबाईनं ती एसटी उलटीपालटी करून बघितली. खिडक्यांवरून बोट फिरवलं.

"हे तुम्ही घरी केलंत?"

"मशीन हिचं हाय," मेस्त्री म्हणाले.

त्याच दिवशी तिनं कांचनच्या तोंडावर प्लास्टर लावून ठसा घेतला. काढताना गालाचं कोवळं कातडं बरोबर निघून आलं. कांचननं हुं की चूं केलं नाही, पण माझ्या मनगटावर तिची नखं उठली. त्या ठशावरून केलेला पांढरा साचा आणि तीन शीट डॉक्टरीणबाईनं मेस्त्रींच्या हवाली केली.

"हे प्लास्टिक कातडीला चालतं, दुसरं वापरू नका. तीनच आहेत. मुखवटा घातला, की खालचा व्रण पांढरा पडला पाहिजे. लाल राहिला तर दाब नाही, म्हणजे उपयोग नाही. पुढच्या गुरुवारी दाखवायला आणा, त्यानंतर दोन महिने मी इथं नसेन. आणि या चेहऱ्याला पुन्हा प्लास्टर लावता यायचं नाही, तेवढं लक्षात ठेवा."

पहिलं शीट शुक्रवारी गेलं. साच्याच्या पोटात ओल होती. तापलेलं शीट वर पडलं, आत वाफ धरली आणि पुरी फुगावी तसे फोड आले. म्हणून मेस्त्रींनी साचा वाळवायला तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला. आणि शनिवारी सकाळी मी तो नदीला नेला.

करपलेली भाकरी मी उतरवली तोवर मेस्त्री घाटाकडं गेले होते. मी मागून गेले. थंडीच्या दिवसांत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ते पायानं तळ चाचपत होते. धुणं धुणाऱ्या बाया धुणं थांबवून बघत होत्या.

"आवो, या वर," मी ओरडले.

ते वाकले, हात घालून काहीतरी वर काढलं. पांढरट चिखल होता. बोटांतून गळून गेला.

घरी आलो तर कांचन मधल्या खोलीत बसली होती. सगळं तिच्या कानावर गेलं होतं. मला वाटलं, रडेल, बोलेल. बोलावं असं मलाच वाटत होतं. पदराआडून ती म्हणाली, "असू द्या, आत्याबाई." ओठाचा कोपरा ओढलेला, त्यामुळं तेवढं बोलायलाही तिला वेळ लागला.

मेस्त्री ओल्या विजारीनंच शेडात गेले आणि सागवानाचा ठोकळा घेऊन आले. "लाकडात करतो," म्हणाले. "दोन दीस तो साचा बघितलाय मी. डोळ्यात हाय. मापं तेवढी घेऊन दे."

मापं मी घ्यायची, कारण सासरा सुनेच्या तोंडाला हात लावत नाही. कांचन त्यांच्यासमोर कायम पदर ओढून असायची, भाजल्यापासून तर जास्तच. मग मी आत माझी शिवणाची फीत घेऊन बसले आणि मेस्त्री सोप्यात, दाराकडं पाठ करून, फळीवर खडूनं लिहायला.

"नाकाच्या शेंड्यापासनं कानाच्या पाळीपत्तोर?"

"पाच इंच. वर एक रेघ."

"एक का दीड? नीट धर. साडीला फॉल लावत न्हाईस."

"तुम्ही नीट ल्हिवा. मला चौथीपत्तोर तरी शिकवलंय, फितीवरचं वाचता येतंय."

सत्तावीस मापं झाली. कांचन डोळे मिटून बसली होती. गालाच्या वणावर फीत टेकली, की तिच्या पापण्या हलायच्या.

रविवार, सोमवार, मंगळवार. मेस्त्री शेडातून बाहेर आले नाहीत, जेवण मी तिथंच नेऊन ठेवलं. लाकडातून हळूहळू कांचन वर येत होती. कपाळ आलं, मग नाक, मग ती जिवणी. मी ताट ठेवून पटकन वळायची. सोमवारी दिवसभरात पेजेची अर्धी वाटीसुद्धा तिच्या पोटात गेली नाही. संध्याकाळी मी माझं बोट धरून बघितलं. दोन बोटं मावत नव्हती.

बुधवारी सकाळी मेस्त्रींनी लाकडातल्या नाकाच्या कडेला, डोळ्यांच्या कोपऱ्यात दाभणाएवढी भोकं पाडली, हवा जायला. दुसरं शीट तापवलं आणि ओढलं. एकही सुरकुती नाही. डोळे, नाकपुड्या, ओठ यांची जागा कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या, पट्टे लावले. हातात धरला तर मुखवटा आहे की नाही कळू नये असा काचेसारखा. मी तो कांचनला घातला आणि मागून पट्टे आवळले.

"पांढरा पडला का?" सोप्यातून मेस्त्री.

"न्हाई."

"नीट बघ."

"आंधळी न्हाई मी. लाल हाय. जास्वंदीगत लाल हाय."

"पट्टं आवळ."

आवळले. नाकावर मुखवटा रुतला, पण गालाशी माझ्या करंगळीचं नख आत जाऊन फिरून आलं. कांचननं माझा हात धरला आणि मुखवटा उतरवला. मांडीवर ठेवून त्याच्याकडं बघत राहिली.

मेस्त्रींनी फळीवरची मापं दोनदा तपासली. सगळी बरोबर. मग शेडात गेले, आणि खुडबुड एकदम थांबली. मी जाऊन बघितलं तर जमिनीवर बसले होते, हातात त्यांची जुनी पितळी पट्टी.

"काय झालं?"

"तू फितीनं मोजलंस. मी हिच्यानं कोरलं."

"मग? इंच तो इंचच की."

"ह्या पट्टीचा इंच इंच नसतोय," ते म्हणाले. "लोखंड गार हुताना आक्रसतंय. म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी मुळातच केसभर मोठी असतीया. चाळीस वर्षं हातात हीच. ध्यानातच आलं न्हाई." त्यांनी ती जमिनीवर टाकली. "पोरीचं तोंड लोखंडात ओताय काढलं मी."

बोलायला माझ्याकडं पुष्कळ होतं, नेहमीच असतं. पण साचा नदीला कुणी सोडला होता?

"केसभर सगळीकडनं तासा की," मी म्हटलं.

"तसं चालत न्हाई. हाडावर कमी, वण जाड हाय तिथं जास्त. ते फितीत येत न्हाई, बोटालाच कळतंय. तू तेल चोळतीस न्हवं रोज? सांग."

मी डोळे मिटून लाकडाच्या गालावर बोटं फिरवली. तीन आठवडे दिवसातून दोनदा चोळत होते. "हितं जास्त. हितं जरा कमी."

"जरा म्हंजे किती?"

"चिमटीभर."

"चिमटीभर! आमटीत मीठ घालतीस व्हय?" मेस्त्री ओरडले. आयुष्यात माझ्यावर पहिल्यांदा ओरडले. "येकच शीट ऱ्हायलंय गं!"

दाराशी चाहूल लागली. कांचन उभी होती. पदर खांद्यावर, तोंड उघडं. सासऱ्यापुढं तसं तोंड घेऊन ती कधीच आली नव्हती.

"मामंजी," ती म्हणाली. "तुम्हीच हात लावा."

मेस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, तीच परवानगी. ते हौदावर गेले, साबणानं दोनदा हात धुतले, उपरण्यानं कोरडे केले. कांचन स्टुलावर बसली. त्यांनी डोळे मिटले. डावा हात तिच्या गालावर, उजवा लाकडावर. लाकडातल्या गाठी शोधाव्यात तशी बोटं सावकाश चालली होती. कानाकडून ओठाकडं. पुन्हा कानाकडून ओठाकडं. मग थांबली.

"कांचन," डोळे न उघडता ते म्हणाले, "कढई उतरताना हात सटकला म्हणालीस न्हवं तू?"

तिनं स्टुलाची कड धरली.

"उतरताना सटकली असती तर मांडीवर आली असती. हातावर आली असती. तुझं हात तर साफ हायत." बोटं पुन्हा कानापाशी गेली. "हे हिकडनं आलंय. डाव्या अंगानं. उसळून."

शेडाच्या पत्र्यावर कावळा चालत होता.

"तुझ्या डाव्या अंगाला कोण बसलंवतं?"

त्यांना माहीत होतं. आमच्या घरात करंज्या लाटायला चुलीच्या डाव्या बाजूला मी बसते, तीस-पस्तीस वर्षं तिथंच बसते. कांचननं तोंड उघडलं, पण मीच बोलले.

"मी. झारा हिसकला तिच्या हातातनं. कढईच्या काठाला अडकला."

दोन महिने ते माझ्या जिभेवर होतं. बाकड्यावर पोलिसापुढं होतं, नळावर बायांपुढं होतं. आणि तुळशीपुढचं ते पांढरं तोंड, डोळे मिटलेलं होतं तरी संध्याकाळी दिवा लावताना आणि सकाळी पाणी घालताना माझ्याकडंच बघत होतं. अवस नसती तरी मी ते नदीला नेलं असतं.

मेस्त्रींनी डोळे उघडले. माझ्याकडं वळले नाहीत. त्यांचा हात गालावर तसाच होता.

"ते मागनं, मामंजी," कांचन म्हणाली. एकेक शब्द ओठाच्या धड बाजूनं काढून. "आदी लाकूड."

दुपार गेली त्यात. एक हात गालावर, एक लाकडावर, मग कानस, मग पुन्हा हात. भुसा त्यांच्या भुवयांवर बसला. मी कोपऱ्यात उभी. मला कुणी जा म्हणालं नाही, ये म्हणालं नाही.

ऊन कलताना त्यांनी शेवटचं शीट फ्रेमीत अडकवलं आणि कॉइलवर धरलं. धरलं आणि म्हणाले, "मला दिसंना." डोळे भरले होते. नितळ शीट, भरल्या डोळ्यांना ते कसं दिसणार? "तू बघ. कधी ओढायचं सांग."

झाऱ्याचं कबूल केल्यावर मला कुणी काही सांगितलं ते एवढंच.

मी पुढं झाले. पापड निखाऱ्यावर धरला की आधी अंग चोरतो, मग ताणून बसतो, मग पोट सोडतो. शीटनं अंग चोरलं, कडेला लाटा उठल्या.

"आता?"

"न्हाई."

लाटा गेल्या. शीट ढोलाच्या कातड्यासारखं ताठ झालं.

"आता? जळंल बग!"

"गप ऱ्हावा."

मधोमध ते खाली यायला लागलं. बोटभर. दोन बोटं. आणखी जरा. आणि ते जरा म्हणजे किती, मला त्या क्षणी नेमकं ठाऊक होतं.

"आता!"

मेस्त्रींनी फ्रेम लाकडावर दाबली, मी मशीनचं बटण दाबलं. माझं मशीन बोंबललं, आणि शीट त्या तोंडावर सपकन बसलं, कपाळ, नाक, जिवणी, एकदम.

मेस्त्रींनी कापलं, घासलं, पट्टे लावले. पट्टे मीच आवळले. कांचन समोर बघत होती. काचेखाली गालाचा लाल रंग आधी कडेनं फिका झाला. मग मधे. दूध फुटावं त्याच्या उलट, सगळं गोळा होत होत पांढरं झालं. करंगळी घालून बघितली, नख शिरेना.

"पांढरा," मी म्हटलं.

मेस्त्री उठले आणि मशीनची सोंड खोक्यातून उपसून शेडातला भुसा झाडायला लागले. आणल्यापासून त्या मशीननं पहिल्यांदा झाडलं. झाडून झालेल्या जागेवर ते कितीतरी वेळ पुन्हा पुन्हा झाडत होते. मशीनच्या आवाजात दुसरा आवाज ऐकू येत नाही.

गुरुवारी डॉक्टरीणबाईनं मुखवटा फिरवून फिरवून बघितला, कानाजवळ थोडा घासून घेतला आणि कांचनला घरी नेऊन घालूनच ठेवा म्हणाली. सव्वा वर्ष कांचननं तो घातला. तीन बोटं पुन्हा मावली. ओठाचा कोपरा अजून किंचित ओढलेला आहे, हसली की कळतं. मेस्त्री माझ्याशी बोलायला लागले ते गुढीपाडव्यानंतर. दिगंबरला मी स्वतः चार ओळी लिहून कळवलं. त्याचं उत्तर आलं नाही. तो आला तो थेट मे महिन्यात, आणि माझ्या पाया पडला नाही. पडू नये असंच होतं.

पण मला आठवतो तो त्या गुरुवारानंतरचा शुक्रवार. तेवीस तास मुखवटा आणि एक तास मोकळं, धुवायला आणि तेल चोळायला. पहिला तास. मेस्त्री बाजारात गेले होते. मी खोबरेल कोमट करून वाटीत घेतलं आणि कांचनसमोर बसले. तिनं पट्टे सोडले, मुखवटा पाण्यात ठेवला.

"का हिसकलात झारा?" तिनं विचारलं.

माझी जीभ बरीच लांब आहे, कारण शोधायला मला वेळ लागला नसता. करंज्या जळत होत्या म्हटलं असतं. तेल जास्त तापलं होतं म्हटलं असतं.

"त्या दिवशी सकाळी शेजारची चंपाक्का आलीवती," मी म्हटलं. "म्हणाली, औंदा करंज्या सुनेच्या हातच्या द्या हं. तुमच्यापरीस खुसखुशीत हुत्यात."

कांचन माझ्याकडं बघत राहिली.

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठी."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

"अजून वीस मिनटं हायत," म्हणाली. डोळे मिटले आणि तोंड वर केलं.

वाटीतलं तेल गार झालं होतं. मी ते तळव्यावर घेतलं आणि कोमट होईपर्यंत दोन्ही हात एकमेकांवर घासत राहिले.